याद्या होण्याआधी रक्त तपासा

एव्हरशाईन सिटीत ज्या घरी यंदा लग्न ठरायचं आहे, ज्या घरी नुकतंच लग्न झालंय आणि ज्या घरच्या सुनेला किंवा लेकीला दिवस गेलेत, त्या प्रत्येक घराला ही कळकळीची विनंती आहे. एचपीएलसी नावाची रक्ताची तपासणी करून घ्या. दिवस गेलेत तिथे ती याच आठवड्यात, नवरा-बायको दोघांची, एकाच दिवशी करा. उपाशी राहावं लागत नाही. हातातून दोन-तीन मिलिलिटर रक्त घेतात, खासगी लॅबमध्ये खर्च साधारण हजार रुपयांच्या आतबाहेर येतो आणि बहुतेकांना ती आयुष्यात एकदाच करावी लागते.

या तपासणीत कळतं की तुमच्या रक्तात थॅलेसेमिया, सिकलसेल किंवा हिमोग्लोबिनचा तसाच एखादा आनुवंशिक दोष आहे का. ज्याला आई किंवा वडील यांपैकी एकाकडूनच दोष मिळालाय, तो वाहक. डॉक्टर त्याला 'मायनर' किंवा 'कॅरिअर' म्हणतात. वाहक माणूस धडधाकट असतो. विरार लोकलच्या गर्दीत चढतो, ओझं उचलतो, म्हातारा होतो आणि आपण वाहक आहोत हे त्याला शेवटपर्यंत कळतही नाही. प्रश्न उभा राहतो तो वाहकाचं लग्न वाहकाशी झालं तर. मग दर गरोदरपणात चारात एक शक्यता अशी असते की बाळाला दोन्हीकडून दोष मिळेल आणि ते आजारी जन्मेल. पहिलं मूल आजारी निघालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशोब यात नाही. दर वेळी शक्यता तेवढीच.

देशात थॅलेसेमियाचे वाहक ३ ते ४ टक्के आहेत, असा अंदाज नेहमी दिला जातो. तो आपल्याला लावून बघा. ८०० माणसांच्या सोसायटीत २४ ते ३२ जण. दरवर्षी सुमारे दहा हजार मुलं देशात थॅलेसेमिया मेजर घेऊन जन्मतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या आईबापांना मूल आजारी पडेपर्यंत आपण वाहक असल्याचं माहीत नसतं.

आपल्या वस्तीत हा विषय अधिक निकडीचा आहे. वसई रोड स्टेशनच्या पूर्वेला उभ्या राहिलेल्या या इमारतींमध्ये एकाच मजल्यावर कच्छी, सिंधी, पंजाबी, बंगाली, मल्याळी आणि मालवणी दारं असतात. सिंधी, पंजाबी, लोहाणा, भानुशाली या समाजांत थॅलेसेमियाचे वाहक सरासरीपेक्षा बरेच जास्त सापडतात. बंगाल आणि ईशान्येकडे हिमोग्लोबिन ई नावाचा दोष आहे, पंजाबकडे हिमोग्लोबिन डी. मराठी घरांनी आपण यातून सुटलो असं समजू नये. जास्त प्रमाण असलेल्या समाजांच्या यादीत कोळी आणि सारस्वत यांचीही नावं आहेत, आणि मामेबहिणीशी लग्नाची चाल ज्या घरांत आजही आहे तिथे एकच दोष दोन्ही बाजूंनी येण्याचा धोका वाढतो.

आणि आपला जिल्हा पालघर आहे. जव्हार, मोखाडा, विक्रमगड, डहाणू, तलासरी या तालुक्यांतल्या वारली, कोकणा, कातकरी, ठाकूर समाजांत सिकलसेल आहे. सिकलसेल काय किंवा थॅलेसेमिया काय, हे दोष मलेरियाच्या प्रदेशांत पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या माणसांत टिकले, कारण वाहकाला मलेरियापासून थोडं संरक्षण मिळत होतं. कुणाच्या कुळाचा, शुद्धतेचा, पापपुण्याचा यात काडीचाही संबंध नाही. आज त्या पाड्यांवरची मुलं-मुली शिकायला, नोकरीला वसई-नालासोपाऱ्यात येतात, इथल्याच कुणाशी लग्न करतात. ही चांगली गोष्ट आहे आणि ती वाढावी असं मला मनापासून वाटतं. पण 'जात वेगळी, प्रांत वेगळा, मग रक्ताची काळजी कशाला' हे पूर्ण खरं नाही. सिकलसेलचा वाहक आणि थॅलेसेमियाचा वाहक एकत्र आले तर मुलाला सिकल-बीटा थॅलेसेमिया होऊ शकतो. त्यात हाडं-सांधे पिळवटणाऱ्या वेदनांचे झटके येतात, वारंवार जंतुसंसर्ग होतो. जोखीम ठरते ती दोघांच्या रिपोर्टवर, आडनावांवर नाही.

१ जुलै २०२३ रोजी राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झालं. आदिवासी भागांतल्या चाळिशीपर्यंतच्या ७ कोटी लोकांची तपासणी आणि २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचं उद्दिष्ट. ते अभियान आदिवासी भागासाठी आहे. शहरी वस्तीत, आपल्या गेटवर, कुणी किट घेऊन येईल याची वाट बघू नका.

थॅलेसेमिया मेजर म्हणजे काय, हे ज्यांनी जवळून पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सविस्तर लिहितो. बाळ जन्मतं तेव्हा गुटगुटीत असतं, कारण पोटातल्या बाळाचं हिमोग्लोबिन वेगळ्या प्रकारचं असतं आणि त्यावर या दोषाचा परिणाम होत नाही. काही महिन्यांत ते ओसरतं. मग बाळ पांढरं पडायला लागतं, दूध ओढत नाही, सारखं आजारी पडतं, पानथरी वाढून पोट फुगतं. तिथून पुढे दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. चढवलेल्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात लोह जातं, आणि शरीराला ते बाहेर टाकता येत नाही. ते हृदयात, यकृतात, ग्रंथींमध्ये साचतं. म्हणून लोह उतरवणारी औषधं रोज घ्यावी लागतात. ती चुकली तर शाळकरी वयातच वाढ खुंटते आणि पुढे हृदयावर येतं. कायमचा उपाय अस्थिमज्जा प्रत्यारोपण. त्यासाठी एचएलए जुळणारा दाता हवा, आणि सख्खं भावंड जुळण्याची शक्यता पुन्हा चारात एक. २०१७ पासून कोल इंडियाच्या मदतीने थॅलेसेमिया बाल सेवा योजनेत पात्र मुलांना प्रत्यारोपणासाठी १० लाखांपर्यंत साहाय्य मिळतं. आपल्या जवळ, नायगाव-भाईंदरची खाडी ओलांडली की बोरिवली पूर्वेला मुंबई महापालिकेचं थॅलेसेमिया आणि अस्थिमज्जा प्रत्यारोपण केंद्र आहे. ज्यांच्या घरी असं मूल आहे त्यांनी तिथे जाऊन चौकशी करावी.

या मुलांबद्दल बोलताना मात्र जपून बोला. त्यांच्यासमोर 'असं मूल नको' हे शब्द कुणी काढू नयेत. नीट रक्त आणि औषधं मिळाली तर ही मुलं शिकतात, नोकरी करतात, संसार करतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलिया यांना स्थान मिळालंय. तपासणीचा आग्रह धरायचा तो पुढच्या आईबापांना वेळेत निवड करता यावी म्हणून. आज आपल्यात असलेल्या मुलाचं मोल त्याने तसूभरही कमी होत नाही.

आता ज्यांच्या घरी दिवस गेलेत त्यांनी फाइल काढा. पहिल्या भेटीतच सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) झालेलं असतं. त्या कागदावर तीन आकडे बघा. एमसीव्ही ८० च्या खाली, एमसीएच २७ च्या खाली आणि लाल पेशींची संख्या मात्र भरपूर, ५० लाखांच्या वर, असं दिसलं तर वाहक असण्याची शंका घ्यायलाच हवी. आपल्याकडे बाईचं हिमोग्लोबिन कमी आलं की लोहाच्या गोळ्या सुरू होतात. बहुतेकींना त्या लागतातच, आणि स्वतःच्या मनाने त्या बंदही करू नयेत. पण दोन महिने गोळ्या घेऊन हिमोग्लोबिन हलत नाही, मग तिसऱ्या महिन्यात गोळी बदलली जाते, चौथ्यात सलाईनमधून लोह, आणि सहाव्यात कुणीतरी म्हणतं, एकदा एचपीएलसी करून बघू. तोवर हातातून वेळ निघून गेलेली असते. म्हणून पहिल्या भेटीत तुम्हीच विचारा, 'डॉक्टर, आमची एचबी ए-टू तपासायची का?' एचबी ए-टू हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार, तो एचपीएलसीत मोजतात. सिकलसेलच्या वाहकाचं सीबीसी अगदी सर्वसाधारण येऊ शकतं, त्यामुळे सीबीसी चांगलं आहे म्हणून एचपीएलसी टाळू नका.

एचपीएलसीच्या रिपोर्टमध्ये एचबी ए-टू ४ टक्क्यांच्या वर असेल तर साधारणपणे ती व्यक्ती बीटा थॅलेसेमियाची वाहक. साडेतीन ते चारच्या मध्ये असेल तर रक्तविकारतज्ज्ञाला दाखवा, कारण शरीरात लोह कमी असेल तर हा आकडा फसवा, कमी येऊ शकतो. गेल्या तीन महिन्यांत रक्त चढवलेलं असेल तर ते लॅबला आधी सांगा. त्या काळातला रिपोर्ट भरवशाचा नसतो.

दोघांपैकी एकच वाहक निघाला तर निश्चिंत राहा. बाळाला हा आजार होणार नाही, फार तर तेही वाहक असेल. दोघेही वाहक निघाले तर घड्याळाकडे बघायची वेळ आली. बाळाची तपासणी करायची तर दहाव्या ते बाराव्या आठवड्याच्या सुमाराला वारेचा अगदी छोटा तुकडा घेतात, त्याला सीव्हीएस म्हणतात. ती वेळ चुकली तर पंधरा-सोळा आठवड्यांनंतर गर्भजल काढून तपासता येतं. पण त्याआधी आईचा आणि वडिलांचा नेमका जनुकीय दोष कोणता, हे डीएनए तपासणीने ठरवावं लागतं. काय शोधायचं हेच माहीत नसेल तर बाळाच्या नमुन्यात शोधणार काय? भारतात आढळणारे बहुतेक दोष मोजक्याच प्रकारांचे आहेत. सिंधी आणि लोहाणा कुटुंबांत एक विशिष्ट दोष जास्त सापडतो, ज्यात जनुकाचा ६१९ अक्षरांचा तुकडाच गळलेला असतो. ही माहिती अनुभवी प्रयोगशाळांना असते, तरी रिपोर्ट यायला दिवस लागतातच. आठव्या आठवड्यात एचपीएलसी झाली तर सगळं शांतपणे होतं. सोळाव्यात झाली तर धावपळ, आणि बाविसाव्यात झाली तर घरात फक्त रडारड उरते.

मुंबईत परळला, केईएमच्या आवारात, राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्था आहे. लोक तिला एनआयआयएच म्हणतात. १९५७ मध्ये रक्तगटांचं संदर्भ केंद्र म्हणून तिची सुरुवात झाली. डॉ. वाय. एम. भेंडे यांनी १९५२ मध्ये 'बॉम्बे ब्लड ग्रुप' जगासमोर आणला, तो याच मुंबईतून. थॅलेसेमिया-सिकलसेलच्या गर्भतपासणीचं देशातलं मोलाचं काम या संस्थेत झालंय. वसई रोडहून गाडीत बसून प्रभादेवीला उतरलात की तिथून परळ जवळ आहे. इतकी मोठी विद्या आपल्याच लोकल लाइनवर असताना आपल्या वस्तीतलं जोडपं अडाणीपणामुळे अडकावं, हे मला सहन होत नाही.

कायद्याची भीती अनेकांना वाटते. गर्भलिंगनिदानाला बंदी आहे, ती असायलाच हवी, आणि असा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ मध्ये महाराष्ट्राने केला. पण १९९४ च्या केंद्रीय कायद्यात हिमोग्लोबिनचे आजार, गुणसूत्रांतले दोष, काही चयापचयाचे आनुवंशिक आजार यांच्यासाठी गर्भतपासणीला स्पष्ट परवानगी आहे. नोंदणीकृत केंद्रात, गरोदर बाईला तिच्या भाषेत समजावून, तिची लेखी संमती घेऊन ती होते. संमती तिची लागते, सासूची नाही. तपासणीत मुलगा की मुलगी हे विचारणं आणि सांगणं दोन्ही गुन्हा. तेवढ्यासाठी रक्ताचा नमुना परदेशी पाठवून देतो म्हणणारा कुणी भेटला तर त्याची तक्रार करा.

२००८ मध्ये खाडीपलीकडच्या भाईंदरचं एक जोडपं मुंबई उच्च न्यायालयात गेलं होतं. बाळाच्या हृदयात गंभीर दोष असल्याचं उशिरा कळलं, तेव्हाची वीस आठवड्यांची मर्यादा उलटून गेली होती आणि न्यायालयाने परवानगी नाकारली. त्या खटल्याची देशभर चर्चा झाली. २०२१ मध्ये कायदा बदलला. आता काही ठरावीक परिस्थितीत २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात करता येतो, आणि गंभीर व्यंग असेल तर त्यापुढेही वैद्यकीय मंडळाच्या परवानगीने. पण कायद्याने मुदत वाढली म्हणून त्या बाईचा त्रास कमी होत नाही. आठवडा जितका पुढचा, तितकं तिच्या देहाला आणि मनाला जड.

म्हणूनच खरी वेळ लग्नाआधीची आहे. तुळशीचं लग्न लागलं की मुहूर्तांची रांग सुरू होते, बैठका होतात, याद्या होतात, मानपान ठरतो. त्याच बैठकीत दोन लिफाफे ठेवायला काय हरकत आहे? ज्यांच्या श्रद्धेला गर्भपात मान्य नाही, त्यांच्यासाठी तर लग्नाआधीची तपासणी हाच मोठा आधार. सायप्रसमध्ये चर्चने लग्नाआधी या तपासणीचा दाखला सक्तीचा केला, लग्न करायचं की नाही ते मात्र जोडप्यावर सोडलं. तिथे थॅलेसेमिया घेऊन जन्मणारी मुलं जवळजवळ थांबली. वसई धर्मप्रांतात लग्नाआधी वधूवरांचे वर्ग होतात. तिथल्या धर्मगुरूंना, तसंच आपल्या भागातल्या गुरुजींना, मौलवींना, गुरुद्वाऱ्याच्या आणि वधूवर सूचक मंडळांच्या चालकांना माझी हात जोडून विनंती आहे: मुलामुलींना हा प्रश्न तुम्ही विचारा. तुमचं ऐकतील.

आणि एक नियम आपण सगळ्यांनी मिळून पाळू या. मुलगी वाहक निघाली म्हणून तिचं ठरलेलं लग्न मोडायचं नाही. नवरा मुलगा वाहक नसेल तर त्या लग्नात या आजाराचा काही धोकाच नाही. दोघेही वाहक असले आणि त्यांना लग्न करायचंच असेल, तर तो त्यांचा अधिकार आहे. त्यांच्यापुढे वाटा आहेत: गर्भतपासणी, टेस्ट ट्यूब पद्धतीत गर्भाची आधीच जनुकीय तपासणी (ती लाखांत जाते), दत्तक मूल. तपासणी करताना आधी मुलग्याची करा, असंही मी सुचवेन. आपल्याकडे दोष काढायचा झाला की बोट आधी बाईकडे जातं. मुलगा वाहक नाही असं कळलं तर थॅलेसेमियापुरतं मुलीला विचारण्याचंही कारण उरत नाही.

जनुक तपासणीचा दुसरा उपयोग घराघरांत वाढतोय, आणि तो मला काळजीत टाकतो. संशय. मूल आपलं आहे का, हे बघायला बापाने गुपचूप नमुना पाठवायचा. कायदा काय म्हणतो ते आधी समजून घ्या. वैध विवाह चालू असताना जन्मलेलं मूल औरस मानलं जातं. हे गृहीतक आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ११६ व्या कलमात आहे. २०१४ मध्ये महाराष्ट्रातल्याच एका पोटगीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डीएनएच्या निष्कर्षाला या गृहीतकापेक्षा अधिक वजन दिलं. पण फेब्रुवारी २०२३ मध्ये पुण्याच्या एका दाम्पत्याच्या खटल्यात त्याच न्यायालयाने बजावलं की पत्नीचा व्यभिचार सिद्ध करायला मुलाची डीएनए तपासणी सरसकट मागता येणार नाही, मुलालाही खासगीपणाचा अधिकार आहे. नवरा-बायकोच्या भांडणात मुलाचं रक्त ओढू नका. वाहक तपासणीत किंवा प्रत्यारोपणासाठी घरच्यांचे नमुने जुळवताना कधी कधी न मागितलेलं नातंही उघडं पडतं. म्हणून नमुना देण्याआधी समुपदेशकाशी बोला आणि काय सांगावं, काय सांगू नये, हे आधीच ठरवून ठेवा.

इतर जनुकीय तपासण्यांबद्दल तीनच गोष्टी. २०२१ मध्ये पिंपरी-चिंचवडच्या एका चिमुरडीसाठी १६ कोटींच्या इंजेक्शनचे पैसे लोकांनी गोळा केले, आणि तरीही ती गेली, हे आपल्याला आठवत असेल. तो आजार एसएमए (स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी), त्याचंही गणित हेच, दोन वाहक आणि चारात एक. घरात असं मूल होऊन गेलं असेल तर पुढच्या वेळी आधीच तपासून घ्या. आणि ज्या घरात आई, मावशी, बहीण अशा दोघी-तिघींना तरुणपणी स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झालाय, त्यांनी कॅन्सर रुग्णालयातल्या जनुकीय समुपदेशकाला भेटावं. कुरिअरने किट मागवून मुलाची बुद्धी नि कल ओळखण्याच्या जाहिरातींवर पैसे घालू नका.

सोसायट्यांचे सेक्रेटरी, गणेश मंडळांचे आणि नवरात्र मंडळांचे कार्यकर्ते, तुमच्याकडे हॉल आहे, मंडप आहे, माणसं आहेत. यंदा डोळे आणि साखर तपासण्याच्या शिबिराबरोबर अठरा ते पस्तीस वयोगटासाठी एचपीएलसीचं शिबिर ठेवा. मान्यताप्राप्त लॅबशी बोललात तर एकत्रित नमुन्यांचा दर कमी करून मिळू शकतो. रिपोर्ट ज्याचा त्याच्या हातात, बंद लिफाफ्यात द्या. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकाही नावाचा उल्लेख होता कामा नये, यादी सेक्रेटरीकडेही राहू नये. शिबिरात समजावून सांगणारा डॉक्टर बसलेला असावा. नुसते कागद वाटले तर लोक घाबरतात.

तसंच एप्रिल-मे महिन्यांत एक रक्तदान शिबिर घ्या. कॉलेजांना सुट्ट्या लागतात, लोक गावाला जातात, रक्तपेढ्या कोरड्या पडतात, आणि थॅलेसेमियाच्या मुलाची पिशवी मात्र त्याही आठवड्यात लागते. या रुग्णांना रक्त विनामूल्य आणि बदली रक्तदाता न मागता द्यावं, असे रक्तपेढ्यांना निर्देश आहेत. कुणी अडवलं तर त्या पालकाबरोबर सोसायटीतली दोन माणसं उभी राहू द्या. शिबिराची तारीख येत्या मासिक सभेत ठरवा, आणि ज्यांच्या घरी आज सातवा-आठवा आठवडा चालू आहे त्यांनी शिबिराची वाट न बघता उद्या सकाळी लॅब उघडताच दोघांनी जाऊन रक्त द्यावं.